निरोप कुणाचा, जबाबदारी कुणाची?



स्मृतिव्याख्यानाला उभे राहणाऱ्यावर एक बंधन असते. गेलेल्या माणसाचे गुण गाऊन त्याला खाली बसता येत नाही. ज्या लोकांसाठी तो माणूस झिजला, त्यांच्यापुढे आज कोणता प्रश्न उभा आहे हे सांगावे लागते. मी आज मोबाईलचा आणि मोबाईलच्या आड बसलेल्या मोठ्या कंपन्यांचा प्रश्न घेऊन आलो आहे. मोबाईल चांगला की वाईट, यावर आपल्या शाळांतून भरपूर निबंध लिहून झाले आहेत. तो वाद मला घालायचा नाही. मोबाईल आता आपल्यात आहे, राहणार आहे, आणि गरिबाला त्याची गरज श्रीमंताहून काकणभर जास्तच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. पाड्यावर एक निरोप येतो. तो कुणीतरी लिहिलेला असतो, कुणीतरी वाहून आणलेला असतो, त्या वाहतुकीवर कुणाचा तरी धंदा चालतो, आणि एखाद्या वेळी त्या निरोपापायी कुणाचा तरी जीव जातो. मग जाब कुणाला विचारायचा? माझे म्हणणे थोडक्यात असे: निरोप पोचवण्याची अफाट ताकद आपल्या पाड्यापर्यंत आली, पण त्या निरोपाबद्दल उत्तर द्यायची जबाबदारी पाड्यापर्यंत आलेली नाही. या दोहोंमधले अंतर हेच आजच्या दुखण्याचे मूळ आहे. आधी काय घडले ते सांगतो, मग त्यावर घेतले जाणारे आक्षेप तपासतो, आणि शेवटी काय मागायचे ते मांडतो.

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणाऱ्या समाजातले. ‘पोरं पळवणारी टोळी फिरतेय’ ही आवई त्या भागात आधीच पसरलेली होती. बाजारात गलका झाला, गर्दी जमली, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना ठार मारण्यात आले. भटक्याला पोटासाठी गावात यावेच लागते, आणि अनोळखी असणे हा काही त्याचा गुन्हा नव्हे. तरी त्या दिवशी अनोळखी असणे हाच पुरावा ठरला. त्या वर्षी देशभर अशाच आवयांपायी कितीतरी माणसे मारली गेली. मरणारे कोण होते? भटके, मजूर, फेरीवाले, वेडसर म्हणून हिणवले गेलेले जीव. ज्यांच्या बाजूने चार शब्द बोलणारे गावात कुणी नव्हते, असे सगळे.

त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. गल्लीत मुले खेळताहेत. मोटारसायकलवर दोघे येतात, एका मुलाला उचलतात, भरधाव निघून जातात. एवढेच. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशी ती दृश्ये. पण ती आपल्या देशातली नव्हती. पाकिस्तानातल्या कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती बनवली होती. मूळ फितीत तेच मोटारसायकलस्वार परत येतात, मुलाला सोडतात, आणि मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो हे सांगणारा फलक हातात धरतात. हा शेवट कुणीतरी कापला. सावध करणारी फीत भडकवणारी झाली, ती काही सेकंदांच्या कात्रीने. कापणारा कोण? ठाऊक नाही. पुढे पाठवणारे कोण? लाखो. वाहून नेणारे कोण? ते मात्र ठाऊक आहे. त्यांचे नाव, गाव, नफा-तोटा सगळे जगजाहीर आहे. आणि तरीही खटला भरला जातो तो शेवटच्या टोकाला काठी उचलणाऱ्यावर. त्याच्यावर तो भरलाच पाहिजे, यात शंका नाही. खुनाला आवईचा बहाणा चालत नाही. पण साखळीतल्या एकाच कडीला शिक्षा झाली म्हणजे न्याय पुरा झाला, असे आपण किती दिवस समजणार?

दुसरी घटना आपल्या अगदी शेजारची. १६ एप्रिल २०२० ची रात्र. डहाणू तालुक्यातले गडचिंचले. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्याआधी हे गाव आणि आपले शहापूर-मुरबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होते. टाळेबंदी नुकती लागलेली. कामधंदा बंद, बाजार बंद, बाहेरचा माणूस म्हणजे आजार ही धास्ती. त्यात व्हॉट्सॲपवरून आणि तोंडोतोंडी बातम्या फिरत होत्या: रात्री चोर येतात, मुले पळवतात, माणसांचे अवयव काढून नेतात. गावोगावी रात्रपहारे सुरू झाले होते. दोनच दिवस आधी त्याच भागात मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरांवर जमावाने हल्ला केला होता. त्या रात्री मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक आडवाटेने गडचिंचल्याला पोचले, अडवले गेले, आणि पोलीस हजर असताना जमावाने तिघांना मारून टाकले. शरमेने मान खाली जावी अशी ही गोष्ट आहे. पण ती तिथे संपली नाही. मारहाणीची चित्रफीत बाहेर आली आणि तीच नव्या आवईचे सरपण झाली. आता या हत्येला हिंदू-मुसलमान असा रंग देणारे संदेश देशभर धावू लागले. राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यात एकही मुसलमान नाही, असे जाहीर करावे लागले. क्रम नीट ध्यानात घ्या. पहिली आवई पाड्यावरच्या घाबरलेल्या माणसाने खरी मानली. दुसरी आवई पसरवणाऱ्यांत शहरांतली, शिकलेली, पंख्याखाली बसलेली माणसेही होती. त्यांना ना रात्रपहारा करायचा होता, ना कुणापासून भीती होती.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की, आवई ही काय आजची आहे? माणूस बोलू लागला तेव्हापासून आवई आहे. बरोबर आहे. आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात त्याचा रक्ताने लिहिलेला दाखला आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा उठाव पेटला. ऑक्टोबरात तलवाड्याला चळवळीच्या नेत्या गोदावरी परुळेकर येणार आहेत, काठ्या घेऊन जमा, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांवर पोचवला गेला. हजारो आदिवासी जमले. तिकडे सरकारला सांगण्यात आले की सशस्त्र जमाव चालून येतोय. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण तिथे हुतात्मा झाले. म्हणजे १९४५ सालीही खोटा निरोप माणसे मारू शकत होता. मग फरक काय?

फरक दोन आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. तलवाड्याच्या निरोपामागचा हात ओळखता येत होता. त्या निरोपाने कुणाचे भले होणार होते? जमीनदारांचे. आदिवासींना हे उमगले, चळवळीने ते गावोगाव सांगितले, गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची सगळी हकिगत लिहून ठेवली. खोट्याला चेहरा होता, म्हणून त्याच्याशी लढता आले. आजच्या निरोपाला चेहराच नाही. तो आपल्याकडे आतेभावाकडून येतो, मामाकडून येतो, भजनी मंडळाच्या ग्रुपवरून येतो. आणणारा आपला, म्हणून निरोप खरा. मूळ लिहिणारा कोण हे त्या आतेभावालाही माहीत नसते. दुसरा फरक वाहतुकीचा. जुनी आवई पायांनी चालायची. टेकडी चढताना, नदी ओलांडताना तिची गती मंदावायची, आणि मध्ये कुठेतरी कुणी शहाणा माणूस ‘थांबा, चौकशी करू’ म्हणायला भेटायचा. शिवाय ती चालती ठेवण्यात वाटेतल्या कुणाची कमाई नव्हती. आज निरोपाच्या वाहतुकीवर जगातल्या अतिश्रीमंत कंपन्या उभ्या आहेत. फेसबुकने २०१४ साली व्हॉट्सॲप विकत घ्यायचे ठरवले तेव्हा सौदा १९ अब्ज डॉलरचा जाहीर झाला. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला एवढी किंमत कशाची? आपल्या सवयीची. आपण दिवसातून किती वेळा फोन उघडतो, त्याची ती किंमत होती.

दुसरा आक्षेप अधिक घातक आहे, कारण तो भल्याभल्यांच्या तोंडी असतो. ते म्हणतात, दोष यंत्राचा नाही, अडाणी लोकांचा आहे. लोक शिकले की सगळे ठीक होईल. हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही. राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला. त्याच महिन्यात कंपनीने संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली, आणि जगभरातले फॉरवर्ड साधारण २५ टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. एप्रिल २०२० मध्ये, पुनःपुन्हा पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल झाला. असे संदेश ७० टक्क्यांनी कमी झाले, हेही कंपनीचेच सांगणे. आता विचार करा. त्या काळात लोक एकदम शिकले होते का? गावोगावी साक्षरतेचे वर्ग उघडले होते का? माणसे तीच होती, भीती तीच होती, भाषा तीच होती. बदलली फक्त यंत्रातली एक खिट्टी. ती कुणाच्या हातात होती? आणि जी खिट्टी माणसे मेल्यावर फिरवता आली, ती आधी का फिरवली गेली नाही? हा प्रश्न ‘अडाणी लोक’ म्हणून झटकून टाकता येणार नाही.

आणि लोकांच्या शहाणपणाबद्दल बोलायचे तर राईनपाड्याच्याच वेळी मालेगावात काय झाले तेही सांगितले पाहिजे. तिथेही जमावाने पाच जणांना घेरले होते, त्यांत दोन वर्षांचे मूल होते. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, पोलीस वेळेवर पोचले आणि ती माणसे वाचली. तशीच आवई, तसाच जमाव, आणि तरी माणसे वाचली, कारण मध्ये उभा राहणारा कुणीतरी होता. म्हणजे समाजात विवेक असतो. त्याला उभे राहायला थोडी उसंत लागते. जमाव जमायला पूर्वी दिवस लागायचा, आता काही मिनिटे पुरतात. विवेकाची ती उसंत यंत्राच्या वेगाने खाऊन टाकली आहे. म्हणून वेगाबद्दल बोलले पाहिजे, आणि वेग ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलले पाहिजे.

त्याच्याशी बोलायचे तरी कुठे जाऊन? इथे तानसाच्या लोकांना समजेल असा एक दाखला देतो. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासून इथले पाणी उताराने मुंबईला जाते. पुढे मोडकसागर आले, भातसा आले, २०१४ साली मध्य वैतरणा आले. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. आणि दर उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेला लागतात. हा अन्याय मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण त्यातली एक गोष्ट पाहा. त्या मोठ्या जलवाहिनीला मालक आहे. महानगरपालिका आहे, तिचे जल अभियंता आहेत, कचेरी आहे. मोर्चा नेता येतो, निवेदन देता येते, आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारायला लावता येतो, न्यायालयात जाता येते. अन्याय करणाऱ्याचा पत्ता ठाऊक असणे ही लढाईतली अर्धी शिदोरी असते. आता दुसऱ्या वाहिनीचे बघा. तुमचे लक्ष, तुमचा वेळ, तुमची माहिती पाड्यावरून उचलून ज्या वाहिनीने जाते, तिची कचेरी कुठे आहे? राईनपाड्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमला, तेव्हा तो अधिकारी बसत होता अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. साक्री तालुक्यात मेलेल्या माणसांच्या घरच्यांनी दाद मागायची ती समुद्रापलीकडे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना हा अधिकारी भारतातच नेमणे बंधनकारक केले. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवारण १५ दिवसांत, असे ठरले. पाऊल चांगले आहे. पण डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजारात उभे राहून विचारा, हा अधिकारी आहे हे किती जणांना माहीत आहे? तक्रार कशी करायची, कोणत्या भाषेत करायची, पोच कुठून मिळायची, हे कुणी गावात येऊन सांगितले आहे का?

भाषेचा मुद्दा आला म्हणून तो पुरा करतो. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणली. त्यांच्या आधारे आलेल्या बातम्यांनुसार, खोटी माहिती ओळखण्याच्या कामाला दिलेल्या वेळाच्या तरतुदीतला ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी होता. उरलेल्या सगळ्या जगासाठी १३ टक्के. त्या वेळी कंपनीचे वापरकर्ते सर्वांत जास्त होते ते भारतात. कंपनीने या आकड्यांवर आपले खुलासे दिले आहेत. ते जमेस धरले तरी कल स्पष्ट आहे: जिथे कायद्याचा आणि वर्तमानपत्रांचा दट्ट्या मोठा, तिथे पहारा मोठा. मग मराठीच्या वाट्याला किती येत असेल? आणि मराठीच्या पलीकडे, वारल्यांची बोली, कातकऱ्यांची बोली, ठाकरांची बोली, यांच्या वाट्याला काय? त्या बोलीत कुणी विष ओतले तर ते विष आहे हे कळणारा एक तरी माणूस त्या कंपनीच्या पगारावर आहे का? म्यानमारमध्ये नेमके हेच झाले. रोहिंग्या मुसलमानांविरुद्धचा द्वेष तिथल्या भाषेत फेसबुकवर वाहत राहिला, आणि आपण पुरेसे केले नाही, अशी कबुली कंपनीने २०१८ च्या नोव्हेंबरात दिली. तोवर लाखो माणसे देशोधडीला लागली होती. जी भाषा बाजाराला मोठी वाटत नाही, तिच्या बोलणाऱ्यांचा जीवही छोटा मानला जातो. हे आपण मान्य करायचे का?

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत गंभीर वाटतो. लोक म्हणतात, कंपन्यांना लगाम घाला म्हणाल, तर तो लगाम सरकारच्या हातात जाईल आणि सरकार तो आपल्याच तोंडात घालेल. ही भीती खोटी नाही. तिचा दाखलाही आपल्याच जुन्या जिल्ह्यात आहे. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल या तरुणीने त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने अशा अटकांसाठी वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पुढे २०२४ साली, आपल्याविषयीची कोणती माहिती खोटी हे केंद्र सरकारनेच ठरवावे अशी तरतूद मुंबई उच्च न्यायालयानेही रद्द केली. दोन्ही निकाल योग्य आहेत असे मी मानतो. खरे काय आणि खोटे काय हे ठरवण्याचा मक्ता सरकारला देता येणार नाही.

पण पालघर २०१२ आणि गडचिंचले २०२० शेजारी शेजारी ठेवून बघा. पालघरला कुणाला पकडले? लिहिणाऱ्या आणि दाद देणाऱ्या मुलींना. गडचिंचल्याला कुणाला पकडले? मारणाऱ्या जमावाला. मुलींचा काहीच गुन्हा नव्हता, दुसऱ्यांचा गुन्हा घोर होता; फरक जमीन-अस्मानाचा आहे. तरी दोन्ही वेळा एक पक्ष नामानिराळा राहिला, तो म्हणजे वाहून नेणारा. आपला कायदा एकतर लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर बसतो, नाहीतर मारणाऱ्याच्या. वाहणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाचे संरक्षण आहे. टपालखात्याने पत्रातल्या मजकुराला जबाबदार असू नये, या विचाराने दिलेले. विचार रास्त आहे. पण टपालखाते कोणते पत्र आधी दाखवायचे हे ठरवत नाही. फेसबुक आणि यूट्यूब ठरवतात. तुमच्या भिंतीवर सर्वांत वर काय यावे, पुढची चित्रफीत कोणती लागावी, हे त्यांचे यंत्र निवडते, आणि ज्याने तुम्ही जास्त वेळ खिळून राहाल तेच निवडते. राग आणि भीती माणसाला खिळवून ठेवतात, हे त्या यंत्राला आपल्याहून चांगले उमगले आहे. जो निवडतो, त्याने निवडीची जबाबदारी घेतली पाहिजे. व्हॉट्सॲप असे निवडत नाही, हे मान्य. पण किती जणांना, किती वेगाने, किती वेळा पाठवता येईल हे तेच ठरवते. तेव्हा वेगाची जबाबदारी त्याची. यात मजकुराला हात लावण्याचा प्रश्न येतोच कुठे? कुणाच्याही तोंडाला कुलूप न लावता गतीला लगाम घालता येतो. युरोपने २०२२ साली केलेला आणि फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेला डिजिटल सेवा कायदा याच दिशेने गेला आहे. समाजाला आपल्यामुळे काय धोके आहेत ते मोठ्या कंपन्यांनी स्वतः तपासायचे, कमी करायचे, बाहेरच्या तपासनिसांना दाखवायचे. नाही केले तर जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. त्या कायद्यातले सगळेच आपल्याला लागू पडेल असे नाही. पण बोलण्याचे स्वातंत्र्य आणि वाहणाऱ्याची जबाबदारी एकत्र नांदू शकतात, एवढे त्याने दाखवले आहे.

चौथा आक्षेप फोनच्या उपकारांचा. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाला गावाकडच्या म्हाताऱ्या आईचा आवाज ऐकू येतो. सातबारा घरबसल्या दिसतो. मालकाने डांबून ठेवले तर मजूर संघटनेला फोन करता येतो. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मी फोन टाकून द्या असे म्हणत नाही. ज्या गोष्टीवाचून चालत नाही, तिच्यावर लोकांचा हक्क असला पाहिजे. हीच कसोटी सरकारी ॲपलाही लावा. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवरच्या हजेरीची सक्ती झाली, दिवसातून दोनदा फोटो. डोंगराच्या कुशीत रेंज नसेल तर दिवसभर माती उपसलेल्या बाईची हजेरी कुठे लागायची? घाम जमिनीवर पडला, पण यंत्राने पाहिला नाही, म्हणून मजुरी नाही. हा कुठला न्याय?

याबाबतीत आपल्या अंगणवाडीताईंनी सगळ्या महाराष्ट्राला धडा घालून दिला आहे. २०२१ साली त्यांच्या हातात ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. मुलाचे वजन, उंची, आहार, सगळे त्यात भरायचे. फोन कमी क्षमतेचे, गरम होणारे, मध्येच बंद पडणारे, आणि ॲप इंग्रजीत. ज्या बाईने वर्षानुवर्षे मराठीत रजिस्टरे चोख ठेवली, तिला आता इंग्रजी रकाने भरता येत नाहीत म्हणून कमी लेखले जाणार होते. ताईंनी काय केले? त्या रडत बसल्या नाहीत. राज्यभर आंदोलन करून त्यांनी ते फोन सरकारला परत केले. चांगले फोन द्या आणि ॲप मराठीत द्या, एवढी साधी मागणी. माझ्या आजच्या सगळ्या मांडणीचे सार त्या कृतीत आहे. त्या तंत्रज्ञानाला विरोध करत नव्हत्या. ज्याने ते लादले त्याच्याकडून उत्तर मागत होत्या. आणि ते मागता आले, कारण फोन नेऊन टाकायला एक कचेरी होती, समोर एक अधिकारी होता, संघटना पाठीशी होती. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत आपल्या आवाक्यात या तिन्हींपैकी काही नाही. ते उभे करायचे आहे.

तेव्हा मागायचे काय? पहिली मागणी कायद्याची. संसदेने वाहणाऱ्याची जबाबदारी ठरवावी. मजकूर खरा की खोटा हे सरकारने ठरवू नये, पण अफवा उसळली असेल तेव्हा वेग कमी करण्याची पद्धत कंपनीकडे तयार आहे का, ती वापरली का, किती वेळाने वापरली, याचा हिशेब तिने जाहीरपणे द्यावा आणि स्वतंत्र यंत्रणेने तो तपासावा. दुसरी मागणी भाषेची. ज्या भाषेत धंदा करता, त्या भाषेत माणसे नेमा. मराठी आणि तिच्या बोली जाणणारे किती जण तुमच्याकडे कामाला आहेत, मराठीतून किती तक्रारी आल्या, किती सोडवल्या, हे दर वर्षी छापा. तिसरी मागणी पत्त्याची. जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी सांगितले आहे. सरकारला पत्ता आहे, तसा कंपनीलाही हवा. तहसील कचेरीत मराठीतून तक्रार घेतली जावी, तिची पोच मिळावी, आणि ती कंपनीच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचवून उत्तर आणून देण्याची जबाबदारी प्रशासनाची असावी.

चौथी गोष्ट मात्र कुणाकडे मागायची नाही. ती आपण करायची. शहापूर तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भागही. अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला बरेच अधिकार दिले आहेत. गावात एक विश्वासाची वाट असावी असा ठराव ग्रामसभेने करावा. संशयाचा निरोप आला की तो पुढे न ढकलता पोलीस पाटलांकडे, सरपंचांकडे किंवा आशाताईंकडे न्यायचा, त्यांनी ठाण्यात विचारून घ्यायचे, आणि उत्तर दवंडीने, ग्रुपवर, शाळेच्या फळ्यावर सांगायचे. अनोळखी माणूस गावात आला तर त्याला हात लावायचा नाही, पाणी द्यायचे, बसवायचे, ठाण्याला कळवायचे. कुणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? मालेगावात एका घराचे दार उघडले एवढ्याने पाच जीव वाचले. ते दार उघडणारा माणूस प्रत्येक गावात आधीपासून ठरलेला असावा, एवढेच मी म्हणतो. आणि कुणी असेही म्हणेल की, मग कंपन्यांना मोकळे सोडून भार पुन्हा गरिबाच्याच डोक्यावर आला. नाही. ग्रामसभेचे काम जीव वाचवण्याचे आहे, कंपनीचे काम जीव धोक्यात न घालण्याचे आहे. एकाने आपले केले म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही.

मित्रहो, समारोप करतो. खोटा निरोप जुना आहे. बिनचेहऱ्याचा, बेफाम वेगाचा आणि नफ्यावर चालणारा निरोप नवा आहे. दोष पाड्यावरच्या माणसाच्या अडाणीपणाचा नाही, कारण यंत्राची खिट्टी फिरताच तीच माणसे कमी संदेश पुढे पाठवू लागली. लगामाने बोलणे बंद पडेल ही भीती रास्त आहे, म्हणून लगाम बोलण्याला न घालता वाहतुकीला घालायचा. आणि तंत्रज्ञान गरिबाला हवेच आहे, म्हणून ते देणाऱ्याने गरिबापुढे उत्तरदायी असले पाहिजे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी द्या. ठराव करा, त्याची प्रत तहसीलदारांना द्या, पोलीस ठाण्यात द्या, आमदार-खासदारांना द्या, आणि कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्यांना मराठीतच पाठवा. नियमांतल्या मुदतीत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. आले नाही, तर पुढच्या ग्रामसभेत ते नोंदवा आणि पुन्हा पाठवा. वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या या जिल्ह्याला जाब विचारायला कुणी शिकवावे लागत नाही. तो आता योग्य माणसाला विचारूया.